वहीवाल्याला सांगितलेली देवी

चकलांब्याच्या अंगणवाडीत मालनबाई नऊ वर्षं मदतनीस होती. पहिलं वर्षभर गावातल्या काही आयांनी पोरं घरच्या डब्यासकट धाडली, पारधिणीच्या हातची खिचडी नको म्हणून. मालनबाईनं पोरांची नाकं पुसली, चड्ड्या बदलल्या, पातेलं घासून उन्हात पालथं घातलं. एक दिवस त्यातलंच एक पोरगं डबा बाजूला सारून तिच्यापाशी येऊन बसलं आणि ताटली पुढं केली. मागोमाग बाकीची आली. आयांनी थोडे दिवस कुरकुर केली नि सोडून दिली, कारण सकाळी डबा करण्याचा त्यांचाही व्याप वाचला होता.

ती कोण, हे चकलांब्यात कुणाला विचारावं लागत नसे. कुणाच्या विहिरीवरची केबल गेली, कुणाची शेळी सुटली, की पोलिसांची जीप गावाबाहेरच्या एकवीस घरांच्या वस्तीवर आधी येई. बाप्यांना ओळीनं उभं करून नावं लिहून घेई. त्या जीपनं आजवर कुणाकडं जातीचा पुरावा मागितला नव्हता.

पुरावा मागितला तो चैतालीकडं.

चैताली तिची एकुलती एक. सहाव्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातलं, तेव्हा पोर फाटकाच्या गजाला धरून अशी रडली की शिपायाला एकेक बोट सोडवावं लागलं. मालनबाई मागं न बघता निघाली आणि गेवराईच्या स्टँडवर येईपर्यंत आपण चपला तिथंच विसरलो हे तिच्या ध्यानात आलं नाही. चार वर्षांपूर्वी नवरा, अजिनाथ, गोदावरीतल्या वाळूच्या खड्ड्यात कड ढासळून दबला. हा माणूस आमच्याकडं कामाला नव्हताच, असं ठेकेदारानं सांगितलं, आणि कुठल्याच वहीत अजिनाथचं नाव निघालं नाही. घरात मागं राहिले तिघं: मालनबाई, चैताली आणि अजिनाथचा म्हातारा बाप, कारभारी.

पोर शिकत राहिली. बारावी झाली, नर्सिंगची परीक्षा दिली, आणि जुलैत सरकारी कॉलेजच्या यादीत आदिवासींच्या जागेवर तिचं नाव लागलं. वस्तीतून दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. कॉलेजच्या खिडकीतल्या क्लार्कनं कागद चाळले आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं: वैधता, दहा ऑक्टोबर.

"त्याच्या आत आणा," तो म्हणाला. "तोवर वर्गात बसा. न्हाई आणलं तर प्रवेश रद्द. जागा खालच्या नंबराला."

गेवराईत महारुद्रअप्पांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, नाकावर चष्मा, आणि तालुक्यातल्या सगळ्या ऑफिसांचे अर्ज तोंडपाठ. मालनबाईनं त्यांच्यापुढं जातीचा दाखला ठेवला.

"हा दाखला हाय की आमच्याकडं. मग आणि काय लागतंय?"

"दाखला म्हंजे तुमी कोण ते," अप्पा म्हणाले. "वैधता म्हंजे तुमी खरंच ते हाव का ते."

"मग हा कावून दिलता?"

"ते देणाऱ्याला इचारा. मी टाइप करणारा माणूस." अप्पांनी चष्मा वर सारला. "पन्नास सालाच्या आधीचा कागद लागतो, मालनबाई. तुमच्या आजसासऱ्याचा शाळेचा दाखला हाय का?"

मालनबाईला हसू आलं. आजसासरा आयुष्यभर रानात फासे लावत फिरला. शाळेच्या सावलीलाही तो कधी बसला नसेल. त्याचं नाव लिहिलेलं एकच पुस्तक होतं, निजामाच्या अमलातलं चौकीवरच्या हजेरीचं. पारध्यांनी सकाळ-संध्याकाळ जाऊन तिथं अंगठा द्यायचा, म्हणजे मधल्या वेळात चोरी केली नाही हे सिद्ध होई. अप्पांनी त्या हजेरीपटासाठी अर्ज करून दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की सदर अभिलेख वाळवीनं नष्ट झालेला आहे.

मग उरली चाचणी. कागद नसला की वैधता देणाऱ्या समितीची माणसं रीतीभाती विचारतात, देव विचारतात, बोली ऐकतात, आणि ते सगळं त्या जमातीवर लिहिलेल्या पुस्तकाशी ताडून बघतात.

ऑगस्टमध्ये बीडला समितीचं शिबिर होतं. एका सभागृहात टेबलं मांडली होती आणि व्हरांड्यात माणसं आपापल्या पिशव्या पोटाशी धरून बसली होती. चैतालीला बोलावणाऱ्या संशोधन अधिकारी मोहिनी मॅडम होत्या. माणसांच्या जाती-जमातींचाच अभ्यास करून त्या शिकल्या होत्या. मॅडम चांगल्या होत्या, हे मालनबाई पुढंही म्हणत राहिली. त्यांनी मायलेकींना पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडं वळवला.

"तुमचं कुलदैवत कोणतं?"

"देवी आहे, मॅडम," चैताली म्हणाली.

"कोणती देवी?"

"नाव आम्हाला सांगत नाहीत."

"आम्हाला म्हणजे?"

"बायांना. मुलींना पण नाही."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. "तुम्ही तिला पाहिलंय?"

"पेटी पाहिली आहे. आढ्याला टांगलेली असते. वर्षातून एकदा आजोबा उघडतात, तेव्हा आम्ही बाया बाहेर शेळ्यांकडं जातो."

"पूजा कोणत्या महिन्यात?"

"ते आजोबा ठरवतात. आदल्या दिवशी सांगतात."

"कळस कोण उचलतं?"

चैतालीनं आईकडं पाहिलं. मालनबाईनं हळूच नकारार्थी मान हलवली. "कळस नसतो, मॅडम," पोर म्हणाली.

मॅडमनी शेजारच्या जाड पुस्तकात बोट घातलं, वाचलं, आणि बोट काढून घेतलं. मग त्यांनी पारधी बोलीत चार वाक्यं बोलायला सांगितली. चैताली तीन बोलली, चौथ्याला अडकली. बारा वर्षं आश्रमशाळेत मराठी बोलली होती. घरी येई ती दिवाळीत आणि मे महिन्यात. तिनं आईकडं पाहिलं, शब्द आईच्या ओठावर होता, पण मॅडमनी हात वर केला. "त्यांनाच बोलू द्या."

एसटीत परतताना मालनबाई पोरीला म्हणाली, "खरं खरं सांगितलंस ना, बास झालं." आणि गेवराई येईस्तोवर तिनं तीनदा तेच म्हटलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस आली. अर्जदार मुलीस स्वतःच्या कुलदैवताचे नाव माहीत नाही. पूजाविधी ज्ञात साहित्याशी विसंगत. बोली अस्खलित नाही. महिनाअखेरीस पुन्हा हजर राहून खुलासा करावा. सोबत त्या पुस्तकाची सहा पानं झेरॉक्स करून लावली होती.

महारुद्रअप्पांनी पानं वाचली आणि टेबलावर थाप मारली. "अवो, सगळं तर ह्याच्यातच दिलंय! पोरीला पाठ करायला लावा. मरीआई, चैत्र महिना, मंगळवार, लिंबाखाली, कळस बायांच्या डोक्यावर. संपलं!"

"पर ते आमच्यात न्हाईच, अप्पा."

"नसू द्या. त्यांच्या पुस्तकात हाय ना? त्यांना तुमचं नको, त्यांचंच ऐकायचंय."

वस्तीतल्या माणसांना हे पटलं नाही. सोमेश्वर नावाचा एक पोक्त माणूस, सगळे त्याला विचारून चालत, तो म्हणाला, "आपली पोर आपली हाय का न्हाई, हे आपण सांगायचं का पुस्तकानं? लिवा कागद." अप्पांनीच तो टाइप करून दिला. खाली सही करणारे आम्ही सांगतो की चैताली अजिनाथ काळे ही आमच्या जमातीची, आमच्या रक्ताची आहे, आणि आम्ही तिला आमची मानतो. त्रेचाळीस अंगठे उठले. शाईची डबी संपत आली तेव्हा एका म्हातारीनं थुंकी लावून अंगठा घासला. कागद वाळायला दगडाखाली ठेवला, तर सगळी वस्ती त्याच्याभोवती बसून राहिली.

मालनबाईचा जीव तरीही थाऱ्यावर नव्हता. आईचं मन कागदावर कधी विसंबत नाही. तिनं चैतालीला म्हटलं, "कागद बी नेऊ, आन् पाठ बी कर. काय लागंल ते लागंल."

म्हणून मग कॉलेजातून रजा घेऊन आलेली पोर दुपारची छपराच्या सावलीत बसून ती सहा पानं घोकू लागली. मालनबाई धुणं धुता धुता प्रश्न विचारी.

"देवी कोणती?"

"मरीआई."

"कवा?"

"चैत्रातल्या दुसऱ्या मंगळवारी. वस्तीच्या उगवतीला लिंबाखाली. सवाष्णी डोक्यावर कळस घेऊन पुढं चालतात, पुरुष मागं डफ वाजवतात..."

बाजेवर पडलेला कारभारी हसायला लागला. पंचाहत्तरीचा माणूस, दात गेलेले, हसताना सगळं अंग हलायचं. आधी मायलेकींना वाटलं खोकला आला. मग तो उठून बसला आणि हसणं एकदम थांबलं.

"चैते, ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, आजा."

"बाया पुढं, बाप्ये मागं. डफ. कळस." कारभारीनं कपाळाला हात लावला. "आगं, ह्ये मी सांगितलंय."

बहात्तरच्या दुष्काळानंतर चार-पाच वर्षांनी वस्तीवर एक माणूस आला होता. चष्मा, खांद्याला कॅमेरा, हातात वही. दीड महिना तो रोज येई. वस्ती त्याला वहीवाला म्हणे. पोरांना गोळ्या देई, म्हाताऱ्यांना बिड्या देई आणि दिसेल ते लिहून घेई. तुमच्यात मयत झालं की डोकं कुठं करता? पोर झालं की नाळ कुठं पुरता? देव कधी बसवता? पारध्यांनी तोवर लिहिणारी माणसं एकाच प्रकारची पाहिली होती. तीन वर्षांआधी कुणीतरी असंच गोड बोलून पूजेचा दिवस काढून घेतला होता, आणि त्या दिवशी सगळे बाप्ये देवापुढं एकत्र बसलेले असताना जीपा आल्या होत्या. अकरा जण नेले. त्यातला एक, कारभारीचा थोरला भाऊ, परत आलाच नाही. तेव्हापासून वस्तीनं ठरवलं होतं, की वही दिसली की सरळ बोलायचं नाही. आणि खोटं सांगण्याचं काम कारभारीवर सोपवलं होतं, कारण त्याची जीभ चपळ होती.

"मी आपला जे सुचंल ते सांगायचा," कारभारी म्हणाला. "सांजच्याला सगळे जमून इचारायचे, आज काय काय सांगितलंस रं? हसून हसून पोट दुखायचं. कळसाचं मला गावातल्या एका लग्नाच्या वरातीवरून सुचलं." तो झेरॉक्सच्या पानांकडं बघत होता. "तेनं सगळं छापलं व्हय?"

छापलं होतं. शेवटच्या पानावर फोटोही होता. कमरेला धडपा, खांद्यावर फाशांची जाळी, आणि डाव्या कानाची पाळी फाटलेली. खाली लिहिलं होतं: फासे घेऊन निघालेला पारधी तरुण. चैतालीनं पान आजोबाच्या कानाशी धरलं. फाटलेली पाळी तीच होती.

इथपर्यंत आल्यावरही गोष्ट निभावली असती. मालनबाईनं नंतर कितीदा तरी मनाशी तो दिवस उलगडला, आणि दर वेळी ती ह्याच जागी येऊन थांबली. पोरीनं पाठ केलेलं म्हणून दाखवायचं, बस्स. पण कारभारी ऐकेना.

"ते खोटं मी वैऱ्यासाठी रचलं व्हतं. माझ्याच नातीनं माझ्याच दारात बसून घोकायचं? मी येतो संगं. मी नाव सांगतो."

मालनबाईच्या हातातलं धुणं तसंच राहिलं. "कुणाचं नाव, मामा?"

"तिचंच."

त्या घराण्यात देवीचं नाव म्हणजे काय, हे मालनबाईला तिच्या लग्नापासून ठाऊक होतं. सोयरीक जुळताना तिचा बाप आणि कारभारी माणसांपासून दूर, बाभळीखाली गेले होते. दोघांनी एकमेकांच्या कानाला तोंड लावलं. एकानं आपल्या देवीचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं आपल्या. परत आले, चहा प्याले, आणि लग्न ठरलं. तिथं कुणी दाखला मागितला नाही. ज्याला नाव येतं तो आपला, ज्याला येत नाही तो कितीही गोड बोलला तरी परका. खून झाला, पोर पळवली, वाळीत टाकलं, सगळ्या निवाड्यांत शेवटी कानात सांगितलेलं ते नावच चाललं होतं. कारभारीनं ते अजिनाथला सांगितलं होतं. अजिनाथ वाळूखाली गेल्यावर घरात ते पुन्हा एकट्या म्हाताऱ्याजवळ उरलं.

"त्यांनी पुरावा मागितलाय ना?" कारभारी म्हणाला. "ह्याच्याहून मोठा पुरावा आपल्यात हाय का? तूच सांग."

नव्हता. मालनबाईलाही तेच वाटलं. ज्या गोष्टीसाठी माणसं मार खाऊन गप्प राहिली, ती समोर ठेवल्यावर कुणाला शंका कशी राहील? ती म्हणाली, "चला मग, मामा." महारुद्रअप्पांना कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "अवो, परीक्षेला गाइडातलं लिवायचं असतं!" पण तोवर कारभारीनं धोतर धुवून वाळत घातलं होतं.

महिनाअखेरीस बीडच्या त्याच सभागृहात, ह्या वेळी मधल्या खुर्चीत समितीचे अध्यक्ष बसले होते. शेजारी मोहिनी मॅडम, कोपऱ्यात कॉम्प्युटरवर एक टायपिस्ट. मॅडमनी मूळ पुस्तक उघडून फोटो समोर धरला.

"हा कोण, आजोबा?"

"मीच की. ह्यो कान बघा."

मॅडमनी कान पाहिला, फोटो पाहिला, पुन्हा कान पाहिला. त्यांना पटलंय हे मालनबाईला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"खाली नाव नाही," अध्यक्ष म्हणाले.

"नाव तरी म्या त्याला खरं कुठं सांगितलं व्हतं!" कारभारी मोठ्यानं हसला. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही.

"म्हणजे तुम्ही खोटी माहिती दिली?"

"सगळीच खोटी, सायेब. एक बी खरी न्हाई."

टायपिस्टची बोटं चालली.

"आणि आज खरी देताय?"

"आज नात बसलीया."

"तेव्हाची खोटी आणि आजची खरी, हे आम्ही कशावरून ओळखायचं?"

कारभारी ह्याच प्रश्नाची वाट पाहत होता. तो उठला, धोतराचा सोगा सावरला आणि टेबलाला वळसा घालून अध्यक्षांच्या खुर्चीकडं चालू लागला, ओणवा होऊन, त्यांच्या कानाशी जायला. शिपायानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"तिथूनच बोला," अध्यक्ष म्हणाले. "मोठ्यानं. नोंद व्हायला पाहिजे."

"कानात सांगायचं असतंय ते."

"इथं कानात चालत नाही."

कारभारीनं चैतालीकडं, मालनबाईकडं पाहिलं. मग म्हणाला, "बायांनी भाईर जावं मग."

"अर्जदार हजर लागतो."

"आणि मीही बाईच आहे, आजोबा," मोहिनी मॅडम हळूच म्हणाल्या. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "सर, मी थोडा वेळ बाहेर..."

"मॅडम, अभिप्राय तुम्हालाच लिहायचाय. बसा."

मॅडम बसल्या. मालनबाईनं पदराचे बोळे करून दोन्ही कानांत घातले आणि वरून तळहात दाबले. चैतालीनं तसं केलं नाही. मांडीवर हात ठेवून ती आजोबाकडं बघत राहिली. कारभारीचे ओठ हलले. टायपिस्टनं मान वर करून काही विचारलं. ओठ पुन्हा हलले. टायपिस्टनं परत विचारलं, बहुधा काना की मात्रा, आणि म्हातारा तिसऱ्यांदा बोलला, एकेक अक्षर सुटं करून, लहान पोराला शिकवावं तसं. तोंडावरून कळू नये म्हणून मालनबाईनं डोळेही मिटून घेतले.

तिनं हात काढले तेव्हा अध्यक्ष मॅडमना विचारत होते, "हे नाव कुठं आलंय?"

"कुठंच नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "ह्या पुस्तकात नाही, दुसऱ्या कुठल्यातही नाही."

कारभारीनं अभिमानानं मान डोलावली. कुठं असणार? तेच तर तो सांगत होता.

मालनबाईला मात्र तेवढ्या एका क्षणात सगळं कळून चुकलं. हे नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून त्यांच्यात ते सोन्याच्या मोलाचं. आणि कुणालाच माहीत नाही, म्हणूनच ह्या टेबलावर त्याला काही किंमत नाही. तिनं घाईनं त्रेचाळीस अंगठ्यांचा कागद पुढं सरकवला. अध्यक्षांनी तो उलटा करून पाहिला, मागं कोरा होता, आणि फाइलच्या तळाशी ठेवला.

जिन्यावर मोहिनी मॅडम मागून आल्या. "बाई," त्या म्हणाल्या, "पुस्तकात होतं तेवढंच सांगितलं असतंत तर..." त्यांनी चैतालीच्या पाठीवर हात ठेवला आणि वर निघून गेल्या.

खाली कारभारी रसवंतीच्या बाकावर बसून पोरीला म्हणत होता, "झालं बघ काम. तोंडं बघितलीस का त्यांची?"

आदेश सहा ऑक्टोबरला आला. पाच पानं. मालनबाई सातवी शिकलेली. तिनं उंबऱ्यात बसून एकेक ओळ बोटानं वाचली. अर्जदाराच्या आजोबांनी यापूर्वी जाणीवपूर्वक खोटी माहिती दिल्याचे स्वतः कबूल केले असल्याने त्यांचे कथन विश्वासार्ह नाही. छायाचित्रातील व्यक्तीची ओळख सिद्ध होत नाही. वस्तीतील रहिवाशांचे निवेदन हितसंबंधी व्यक्तींचे असल्याने ग्राह्य नाही. चौथं पान आलं तेव्हा चैतालीनंच त्यावर हात ठेवला. "नाव आहे तिथं, आई." मालनबाईनं पान न बघता उलटलं. पाचव्यावर शेवटची ओळ होती. जमातीचा दावा अवैध ठरविण्यात येत आहे.

"कोर्टात जाता येतंय," महारुद्रअप्पा फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "वकील बघू. पर तारीख लागंस्तोवर दहा तारीख जाईल, मालनबाई. जागा गेली की गेली. पुढच्या साली तरी..." पुढच्या सालीही तोच आदेश पुढं येणार, हे दोघांनाही माहीत होतं.

दहा तारखेला चैताली कॉलेजात जाऊन हॉस्टेलवरची ट्रंक घेऊन परत आली. पांढरा कोट घडी करून तिनं आईच्या हातात दिला. मालनबाईनं तो कुठं ठेवावा हे न कळून तसाच धरून ठेवला. पोर रडली नाही, ह्याचंच तिला जास्त भय वाटलं. लहानपणी फाटकाच्या गजाला धरून रडली होती, तेव्हा निदान बोटं सोडवता आली होती. गेवराईतल्या एका औषधाच्या दुकानात मुलगी पाहिजे म्हणून अप्पांनी सांगितलं. पोर जाते म्हणाली, लगेच म्हणाली.

पोरीनं नाव ऐकलं होतं, त्याचं काय करायचं हेही कुणाला माहीत नव्हतं. सोमेश्वरनं म्हाताऱ्यांना विचारलं. असं कधी घडलंच नव्हतं, त्यामुळं त्याला प्रायश्चित्तही ठरलेलं नव्हतं. हळूहळू वस्तीतले बाप्ये चैताली आली की बोलणं थांबवू लागले. राग नव्हता त्यांचा. ज्या कागदावर त्यांनी ती आमची म्हणून अंगठे दिले होते तो फाइलीच्या तळाशी पडला होता, आणि इकडं त्यांना तिच्याशी कसं वागावं हे कळेनासं झालं होतं.

कारभारीला निकाल कळायला दोन दिवस लागले. म्हणजे सांगितलं पहिल्याच दिवशी होतं, पण त्याच्या डोक्यात ते शिरेना. "म्या नाव सांगितलं की," तो म्हणे. "मग न्हाई कसं म्हणत्यात?" तिसऱ्या दिवशी त्यानं विचारणं सोडलं. जेवण कमी केलं. एका सकाळी तो मालनबाईला म्हणाला, "तो कागद दे."

तिनं पाची पानं दिली. म्हाताऱ्यानं शेळ्यांकडं बोट दाखवलं. मायलेकी बाहेर गेल्या. आतून स्टूल ओढल्याचा आणि पेटीची कडी निघाल्याचा आवाज आला. पूजेचा दिवस नव्हता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पेटी अवेळी उघडली होती.

पुष्कळ वेळानं तो दारात आला.

"तिचं नाव तिच्यापाशी ठिवलं," तो म्हणाला. "आता दुसऱ्या कुणाकडं न्हाई ना गं? त्यांच्याकडचा कागद ह्योच ना?"

चैतालीच्या हातात फोन होता. आदेश आधी फोनवरच आला होता, पाची पानांसकट. अप्पांच्या कॉम्प्युटरवर होता, वकिलाकडं गेला होता. अवैध ठरलेल्या पोरांचा एक ग्रुप होता, त्यावर कुणीतरी परवा तो टाकला होता आणि खाली कुणीतरी विचारलं होतं, ही देवी कोणती म्हणे? चैतालीनं आईकडं पाहिलं.

मालनबाईनं पदर डोक्यावर घेतला.

"ह्योच, मामा," ती म्हणाली. "दुसरा न्हाई कुणाकडं."

म्हाताऱ्यानं मान हलवली, भिंतीला धरून बाजेपाशी गेला आणि आढ्याकडं तोंड करून पडला. मालनबाई अंगणवाडीत जायला निघाली. खिचडीचं पातेलं चढवायची वेळ होऊन गेली होती.